ग्राफिंग कॅल्क्युलेटरमधले व्हेरिएबल्स : सत्तावीस बादल्यांची गोष्ट



'व्हेरिएबल'ला मराठीत 'चल' म्हणतात. मी पडले कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा शब्द रूममेटच्या जुन्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला तेव्हा कोण कोणाला 'चल' म्हणतंय तेच कळेना! पण शब्द छान आहे. जे एका जागी थांबत नाही, बदलत राहतं, ते चल.

फर्स्ट इयरला आपण सगळेच सी शिकतो. 'इंट ए' लिहितो, प्रोग्रॅम चालतो, जर्नल सबमिट होतं. पण हा ए राहतो कुठे? त्याला कोण कोण हात लावू शकतं? प्रोग्रॅम संपल्यावर त्याचं काय होतं? ओरलला एक्स्टर्नलनी असं काही विचारलं की आपली नजर आपोआप सीलिंग फॅनकडे जाते.

मला या प्रश्नांची उत्तरं कॉम्प्युटर लॅबमध्ये नाही, तर एका जुन्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर सापडली. माझ्या आतेभावाने अमेरिकेत हायस्कूलला असताना वापरलेला टीआय-८४ प्लस मागच्या सुट्टीत मला देऊन टाकला. त्यावर प्रोग्रॅम लिहिताना व्हेरिएबल कसे वापरायचे आणि काय सांभाळायचं, ते या लेखात सांगणार आहे. तुमच्याकडे हे यंत्र नसलं तरी वाचा, कारण शेवटी गाडी आपल्या रोजच्या कॅल्क्युलेटरवरच येणार आहे.

यंत्राची थोडी ओळख

जगातला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ साली काढला, एफएक्स-७०००जी. त्यात प्रोग्रॅमसाठी जागा होती फक्त ४२२ बाइट! हल्लीचा एक साधा एसएमएससुद्धा त्यातली बरीच जागा खाईल. त्यात ए ते झेड असे २६ व्हेरिएबल होते. त्याहून जास्त हवे असतील तर प्रोग्रॅमच्या जागेतून दर व्हेरिएबलमागे ८ बाइट कापून घ्यायचे. म्हणजे हॉस्टेलच्या रूमसारखंच, कपाट मोठं केलं की पलंग लहान.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर, टीआय-८१, १९९० मध्ये आला. मग १९९६ मध्ये टीआय-८३ आणि २००४ मध्ये टीआय-८४ प्लस. अमेरिकेतल्या शाळांमध्ये अल्जिब्राच्या वर्गात हेच यंत्र पोरांच्या हातात असायचं. यात वापरायला साधारण २४ किलोबाइट रॅम मिळते, आणि स्क्रीनवर १६ अक्षरांच्या ८ ओळी मावतात. प्रोसेसर झेड-८०, म्हणजे मूळचा सत्तरच्या दशकातला.

यात साध्या आकड्यांसाठी २७ व्हेरिएबल आहेत. ए ते झेड ही २६ अक्षरं आणि सत्ताविसावा थीटा. (कॅल्क्युलेटरवर अक्षरं अर्थातच रोमन आहेत, इथे मी ती देवनागरीत लिहितेय.) याशिवाय आकड्यांच्या माळा ठेवायला एल१ ते एल६ अशा लिस्ट, दहा मॅट्रिक्स, मजकूर ठेवायला दहा स्ट्रिंग आणि समीकरणं ठेवायला वाय१, वाय२ वगैरे जागा आहेत. पण खरी गंमत त्या २७ अक्षरांचीच आहे.

बाण कुठून कुठे?

सीमध्ये आपण 'ए = ५' लिहितो. गणितातल्या सवयीमुळे हे समीकरण वाटतं. मग कोणी 'ए = ए + १' लिहिलं की गणितवाल्याला झीटच येते. ए आणि ए अधिक एक सारखे कसे असतील?

टीआयवर हा घोळच नाही. तिथे 'स्टो' नावाची की आहे, ती दाबली की स्क्रीनवर बाण येतो :

५ → ए

डावीकडे किंमत, उजवीकडे ती ठेवायची जागा. मराठीत मोठ्याने वाचून बघा : 'पाच, ए-मध्ये ठेव.' आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हे आपल्याला एकदम सरळ वाटतं. आणि

ए + १ → ए

म्हणजे 'ए-मध्ये जे आहे त्यात एक मिळव आणि परत ए-मध्येच ठेव'. झीट यायचं काही कारणच नाही.

मग बरोबरचं चिन्ह कशाला? ते फक्त प्रश्न विचारायला. 'ए = ५' लिहून एन्टर दाबलं तर उत्तर १ किंवा ० येतं. १ म्हणजे हो, ० म्हणजे नाही. सीमध्ये 'इफ' च्या कंसात दोनऐवजी एकच बरोबर लिहून अर्धी रात्र घालवणारे आपल्या हॉस्टेलवर कमी नाहीत. टीआयवर ती सोयच ठेवलेली नाही!

आणखी एक फायदा. हे यंत्र आत १४ अंक सांभाळतं पण स्क्रीनवर १०च दाखवतं. १ भागिले ३ करून स्क्रीनवरचं .३३३३३३३३३३ कागदावर उतरवलं आणि परत टाइप करून ३ ने गुणलं, तर .९९९९९९९९९९ मिळतं. तेच १/३ → ए करून ए ला ३ ने गुणलं तर १ दिसतो. आता एका उदाहरणात हे चार अंक गेले म्हणून काही पूल पडत नाही. पण मधली उत्तरं कागदावर घेऊन दोन-दोन, तीन-तीन अंकांत राउंड करत गेलं की शेवटी उत्तर पुस्तकाशी का जुळत नाही ते कळत नाही. मधलं उत्तर कागदावर नको, व्हेरिएबलमध्ये ठेवा.

पहिला प्रोग्रॅम

सगळ्यांच्या ओळखीचं वर्गसमीकरण घेऊ.

प्रॉम्प्ट ए, बी, सी
बी² − ४एसी → डी
इफ डी < ०
देन
डिस्प "मुळं काल्पनिक"
एल्स
डिस्प (−बी + √(डी)) / (२ए)
डिस्प (−बी − √(डी)) / (२ए)
एंड

'प्रॉम्प्ट' म्हणजे वापरणाऱ्याला विचार : ए किती? बी किती? सी किती? 'डिस्प' म्हणजे स्क्रीनवर दाखव. १, −५ आणि ६ दिलं की डी होतो १ आणि उत्तरं येतात ३ आणि २. इथे 'इंट', 'फ्लोट' असं काही जाहीर करावं लागत नाही. अक्षर वापरलं की ते आहेच.

आणि हो, 'चार एसी' म्हणजे चार एअर कंडिशनर नव्हेत (आपल्या हॉस्टेलवर कुठले?). ते ४ गुणिले ए गुणिले सी. टीआयवर अक्षरं शेजारी शेजारी ठेवली की त्यांचा गुणाकार होतो, अगदी वहीत लिहितो तसा.

त्यामुळेच इथे व्हेरिएबलचं नाव एकच अक्षरी आहे. दोन अक्षरी नाव चालवलं असतं तर 'एसी' हे एक नाव आहे की दोघांचा गुणाकार, हे यंत्राला कसं कळणार? सोय हवी असेल तर किंमत द्यावी लागते. त्याच कंपनीच्या १९९८ च्या टीआय-८९ मध्ये आठ अक्षरांपर्यंत नावं चालतात, पण मग तिथे दोन अक्षरांमध्ये गुणाकाराचं चिन्ह न विसरता द्यावं लागतं.

एका अक्षराची ही पद्धत जुनी आहे. अज्ञात राशीला एक्स, वाय, झेड आणि माहीत असलेल्यांना ए, बी, सी म्हणायची चाल देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकापासून रुळली. आणि त्याच्या पाचेकशे वर्षं आधी आपले भास्कराचार्य बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणायचे आणि पुढच्यांना रंगांची नावं द्यायचे : कालक, नीलक, पीतक. लिहिताना मात्र नुसतं या, का, नी, पी! म्हणजे शॉर्टकट मारायची वृत्ती इंजिनिअरिंगच्या पोरांनीच शोधली असं काही नाही.

बादलीत उरलेलं पाणी

आता मुख्य मुद्दा. वरचा प्रोग्रॅम संपला. ए, बी, सी, डी चं काय झालं?

काहीच नाही. ते आहेत तिथेच आहेत. कॅल्क्युलेटर बंद करा, दुसऱ्या दिवशी चालू करा, डी टाइप करून एन्टर दाबा, १ येईल. सीमध्ये फंक्शनच्या आतले व्हेरिएबल फंक्शन संपलं की जातात, आणि मेन संपला की सगळं आवरलं जातं. इथे तसं नाही. यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये मिळून हीच २७ अक्षरं. सगळी कॉमन. कोणाची खासगी अशी एकही नाही.

आपल्या कॉमन बाथरूममध्ये २७ बादल्या ओळीने ठेवल्यात आणि प्रत्येकीवर रंगाने एक एक अक्षर काढलंय अशी कल्पना करा. कोणीही यावं, कोणतीही बादली घ्यावी. नवं पाणी भरायचं असेल तर प्रश्न नाही, आधीचं ओतलं जातंच. पण 'बादलीत दोन तांबे टाक' असं सांगितलं आणि आधीच्याने अर्धी बादली तशीच सोडली असेल तर?

याची खरी गोष्ट सांगते. आमच्या विंगमधल्या सिव्हिलच्या मुलींचं सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल चालू होतं, लेव्हलिंगचं. ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : उंची माहीत असलेल्या जागेवर स्टाफ धरून लेव्हलमधून वाचायचं, हा बॅकसाइट. मग पुढच्या जागेवर स्टाफ धरून वाचायचं, हा फोरसाइट. जुन्या उंचीत बॅकसाइट मिळवा, फोरसाइट वजा करा, नवी उंची मिळते. तिला आर.एल. म्हणतात. मग लेव्हल उचलून पुढे न्यायची, परत तेच. शेवटी हिशोब तपासायचा नियम असा : सगळ्या बॅकसाइटच्या बेरजेतून सगळ्या फोरसाइटची बेरीज वजा केली तर जे येतं ते शेवटच्या आणि पहिल्या आर.एल. मधल्या फरकाएवढं असलं पाहिजे.

माझा कॅल्क्युलेटर त्या घेऊन गेल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने प्रोग्रॅम लिहिला :

प्रॉम्प्ट आर, एन
आर → झेड
फॉर(आय, १, एन)
प्रॉम्प्ट बी, एफ
पी + बी → पी
क्यू + एफ → क्यू
आर + बी − एफ → आर
डिस्प आर
एंड
डिस्प पी − क्यू, आर − झेड

आर म्हणजे चालू उंची, झेड म्हणजे सुरुवातीची उंची, पी ही बॅकसाइटची बेरीज, क्यू फोरसाइटची. एन म्हणजे लेव्हल किती वेळा लावली.

पहिल्या दिवशी सुरुवात १०० पासून. वाचनं १.५२५ आणि ०.८७०, मग १.२१० आणि २.००५, मग ०.९६५ आणि १.३४०. उंची आली १००.६५५, ९९.८६०, ९९.४८५. शेवटच्या ओळीत दोन्हीकडे −.५१५. जुळलं! सगळ्या खूष. सरांची सही मिळाली.

दुसऱ्या दिवशी नवी लाइन. शेवटी आर − झेड आला .८४ आणि पी − क्यू आला .३२५. जुळेना. काहीतरी चुकीचं टाइप झालं असेल म्हणून सगळी वाचनं परत घातली. आता आर − झेड तोच .८४, पण पी − क्यू चक्क १.१६५! तेच आकडे, तोच प्रोग्रॅम, तिसरंच उत्तर. एक म्हणाली यंत्र बिघडलं. दुसरी म्हणाली उद्या दुपारी उन्हात परत सगळी लाइन घेऊ. तिसरीने नेहमीचा उपाय काढला, 'एखादं वाचन थोडं अ‍ॅडजस्ट करू या ना!'

रात्री मेसमध्ये ही चर्चा चालली होती तेव्हा मी प्रोग्रॅम बघितला. आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की अ‍ॅडजस्ट करून काही उपयोगच नाही. कोणतंही वाचन बदललं तर ते पी − क्यू मध्येही तेवढंच बदलतं आणि आर − झेड मध्येही तेवढंच. दोन्हींतला फरक तसाच राहणार. म्हणजे दोष वाचनांत असूच शकत नाही. तो फक्त सुरुवातीच्या किमतींत असू शकतो. आर ला सुरुवात विचारलेली आहे, झेड ला ती दिलेली आहे. पी आणि क्यू ला सुरुवात कोणी दिली?

कोणीच नाही. .३२५ आणि .८४ मध्ये फरक .५१५ चा. आदल्या दिवशीचं फिल्डबुकचं पान उघडलं, शेवटी −.५१५. कालचं पाणी आजच्या बादलीत! दुसऱ्यांदा चालवल्यावर त्यात आजचं पहिल्या वेळचं .८४ पण मिसळलं, म्हणून १.१६५.

मग पहिल्या दिवशी बरोबर कसं आलं? त्याच्या आदल्या रात्री मी कॅल्क्युलेटरची मेमरी रीसेट केली होती. टीआयवर कधीच न वापरलेलं अक्षर विचारलं की ते शून्य देतं. सीमध्ये लोकल व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर आत काहीही कचरा असू शकतो, त्यामुळे बऱ्याचदा पहिल्याच रनला चमत्कारिक उत्तर येऊन आपण सावध होतो. इथे उलट. पहिला रन बरोबर येतो, आपला विश्वास बसतो, आणि दुसऱ्या दिवशी फसगत होते. शून्याने भागलं तर हे यंत्र ताबडतोब एरर दाखवतं. पण शिळ्या किमतीबद्दल एक अक्षर बोलत नाही. मेसची शिळी भाजी निदान वासावरून तरी कळते!

उपाय दोन ओळींचा. 'फॉर' च्या आधी :

० → पी
० → क्यू

आधी बादली पालथी करा, मग भरायला घ्या. लाइन परत घ्यावी लागली नाही, आणि मुख्य म्हणजे खरी वाचनं खोटी करावी लागली नाहीत. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रोग्रॅम आणि निसर्ग यांचं जुळत नसेल तर आधी प्रोग्रॅमकडे बघावं. आपण सगळे उलट करतो.

एक बादली, दोघे जण

दुसरा घोळ याहून मजेदार आहे. टीआयवर एका प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम बोलावता येतो, सीमधल्या फंक्शनसारखा. पण अक्षरं तीच. समजा, मोठ्या प्रोग्रॅममध्ये 'फॉर(आय, १, ५)' असा लूप आहे. आत आपण एक छोटा प्रोग्रॅम बोलावतो, आणि त्यातही 'फॉर(आय, १, ३)' आहे. आता काय होईल ते बोटांवर मोजा.

मोठ्या लूपमध्ये आय १ आहे. छोटा प्रोग्रॅम चालतो, संपताना आय ४ करून ठेवतो (३ च्या पुढे गेल्याशिवाय लूप थांबत नाही). परत आल्यावर मोठा लूप एक वाढवतो, आय ५ होतो. ५ चालतो, म्हणून परत आत. छोटा परत आय ४ करून ठेवतो. मोठा परत ५ करतो. परत आत... हा लूप कधीच संपत नाही! 'ऑन' की दाबून थांबवावं लागतं. दोन्ही प्रोग्रॅम वेगवेगळे चालवले तर दोन्ही अगदी बरोबर. एकत्र आले की भांडण. रूममेटबद्दल हा अनुभव सगळ्यांनाच असेल.

टीआय-८९ मध्ये यासाठी 'लोकल' नावाची आज्ञा आहे, म्हणजे 'हे व्हेरिएबल फक्त माझं' असं सांगता येतं. ८४ वर ती सोय नाही. सीमध्ये आपण फंक्शनच्या आत 'इंट आय' लिहितो तेव्हा किती मोठी सोय फुकट मिळते ते मला हा लूप बोटांवर मोजताना कळलं. लोकल आणि ग्लोबलचा फरक मी परीक्षेत पाच मार्कांसाठी पाठ करून लिहिला होता. समजला मात्र इथे.

यंत्रसुद्धा बादल्या वापरतं!

तिसरी गोष्ट, जी नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. कॅल्क्युलेटर स्वतःही काही अक्षरं वापरतो. ग्राफ काढताना एक्स च्या किमती बदलत बदलत तो वाय मोजतो. ट्रेसमध्ये कर्सर हलवला की एक्स आणि वाय मध्ये त्या बिंदूच्या किमती येऊन बसतात. पॅरामेट्रिक ग्राफला टी लागतो, पोलरला थीटा. म्हणजे प्रोग्रॅममध्ये एक्स मध्ये काही महत्त्वाचं ठेवलं आणि मध्येच ग्राफ काढला, तर ते गेलं. सरकारी बादली, तिच्यावर आपला हक्क नाही.

पण याचीच दुसरी बाजू फार छान आहे. वाय१ मध्ये असं समीकरण ठेवा :

ए एक्स² + बी एक्स + सी

ए, बी, सी ला किमती द्या, ग्राफ काढा. मग प्रोग्रॅममधून फक्त ए बदलत ग्राफ परत परत काढा. ए −२ पासून २ पर्यंत जाताना उलटा पॅराबोला हळूहळू पसरत जातो, ए शून्य झाला की सरळ रेषा होतो, आणि मग वर तोंड करून परत मिटत जातो. समीकरण एकदाच लिहिलं, बदलला फक्त एक व्हेरिएबल. 'चल' या शब्दाचा अर्थ एवढा स्पष्ट दुसरीकडे कुठे मी पाहिला नाही. एम-वनला वर्गात कर्व्ह ट्रेसिंग शिकवताना हे दाखवलं असतं तर निम्म्या वर्गाची केटी वाचली असती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मी पाळते ते नियम

या सगळ्यातून मी स्वतःसाठी काही नियम केलेत. टीआय मिळाला तर वापरा, नाही तर कुठल्याही भाषेत थोडे बदलून चालतील.

१. प्रोग्रॅम टाइप करायच्या आधी कागदावर तक्ता करा. कोणतं अक्षर, कशासाठी, सुरुवातीला किती. नाव एकच अक्षरी असल्यामुळे महिन्याभराने क्यू म्हणजे काय होतं ते यंत्र सांगणार नाही, कागद सांगेल.

२. ज्या अक्षरात आपण भर घालणार आहोत (बेरीज, मोजणी), त्याला आधी शून्य द्या. गुणाकार करत जायचा असेल तर शून्य नको, एक द्या. नाही तर उत्तर कायम शून्यच येईल!

३. एक्स, वाय, टी आणि थीटा ग्राफसाठी सोडा.

४. दुसऱ्या प्रोग्रॅमकडून काम करून घ्यायचं असेल तर अक्षरं वाटून घ्या. मी मुख्य प्रोग्रॅमला ए पासून पुढची देते आणि छोट्याला शेवटाकडची, पण एक्स, वाय वगळून.

५. पुष्कळ आकडे असतील तर अक्षरं संपवू नका, लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये ९९९ पर्यंत आकडे राहतात.

६. फक्त पुढच्याच ओळीत लागणारं उत्तर असेल तर 'आन्स' वापरा. आधीचं उत्तर त्यात आपोआप असतं. पण तो पुढच्या उत्तराला पुसला जातो, तेव्हा भरवसा एका ओळीपुरताच.

७. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोग्रॅम लागोपाठ दोनदा चालवून बघा, दोन्ही वेळा तेच आकडे घालून. उत्तर तेच आलं तरच पास. पहिल्या रनवर विश्वास ठेवू नका.

पण आपल्याला याचा काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, मोबाईल आहे, लॅपटॉप आहे, पायथन आहे. २०२१ मध्ये तर टीआय-८४ च्या नव्या रंगीत मॉडेलमध्येही पायथन आलं. अमेरिकेतली सॅट परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा परीक्षेच्या स्क्रीनवरच ग्राफिंग कॅल्क्युलेटर मिळायला लागला. आपल्याकडे युनिव्हर्सिटीच्या पेपरला प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर नेताच येत नाही. मग हे कशाला?

एक तर, इथे सगळं डोळ्यांसमोर असतं. २७ जागा, हवी ती उघडून बघा. लॅपटॉपमध्ये मेमरी इतकी की व्हेरिएबल कुठे गेला ते दिसतच नाही. छोट्या यंत्रावर एकदा समजलं की मोठ्यावर तेच ओळखू येतं.

आणि दुसरं, आपल्या खिशातला कॅल्क्युलेटर. बहुतेकांकडे असणारा कॅसिओ एफएक्स-९९१एमएस काढा. प्रोग्रॅम करता येत नाही, पण व्हेरिएबल आहेत! ए ते एफ, एक्स, वाय आणि एम, एकूण नऊ. 'शिफ्ट' आणि 'आरसीएल' दाबलं की 'स्टो' होतं, मग अक्षर. तोच बाण स्क्रीनवर येतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या गणितात मधलं उत्तर कागदावर उतरवून परत टाइप करण्याऐवजी ए मध्ये ठेवा. वेळ वाचतो, अंक वाचतात. अक्षरं घालून सूत्र लिहा आणि 'कॅल्क' दाबा, तो एक एक किंमत विचारतो. हा आपला छोटा 'प्रॉम्प्ट'च झाला. एकाच सूत्रात दहा वेळा आकडे घालायचे असतील, जसे आपल्या प्रॅक्टिकलच्या रीडिंग टेबलमध्ये असतात, तर याने किती काम हलकं होतं ते करूनच बघा.

आणि एम+ ची की? ती एम मध्ये भर घालते. म्हणजे तीच कालच्या पाण्याची गोष्ट. एम मध्ये काही शिल्लक असेल तर स्क्रीनवर वरच्या बाजूला छोटा एम दिसतो. परीक्षेत बेरीज सुरू करायच्या आधी तो एम दिसतोय का बघा. दिसला तर ०, शिफ्ट, आरसीएल, एम. दोन सेकंदांचं काम आहे.

परवा आमच्या मजल्यावर कोणीतरी तो टीआय मागायला आलं, सेमिनारला ग्राफ दाखवायचा म्हणून. खुशाल न्या. फक्त परत करताना बादल्या रिकाम्या करून ठेवा म्हणजे झालं. आणि नाही केल्यात तरी चालेल, कारण नियम दोन माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या वरच लिहिलेला आहे!